दर तासाला दोन ओळी कोऱ्या

हवालदार,

तुम्ही गेल्याची बातमी पेपरात तीन ओळींत आली आणि तिन्ही ओळी चुकीच्या आल्या. पहिली म्हणते, तुम्ही शिस्तप्रिय होता. शिस्तप्रिय माणसे मी आयुष्यभर वर्गात पाहिली आहेत; ती पेन्सिलींना टोके काढत बसतात आणि पेपर कोरा देतात. तुम्ही तसले नव्हता. दुसरी म्हणते, तुम्ही खात्याशी शेवटपर्यंत एकनिष्ठ राहिलात. ही ओळ वाचून तुमच्या बायकोने पेपराची चौपदरी घडी केली आणि शिवणयंत्राच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवली, हे मी स्वतः पाहिले. तिसरी म्हणते, तुमच्या एका साक्षीने गावचे पोलीस सुधारले. धन्य आहे! तसे असते तर दर पाच वर्षांनी एक साक्षीदार गाठायचा आणि हात झटकून मोकळे व्हायचे, एवढेच काम उरले असते.

म्हणून मीच लिहायला बसले. पण तुमची गोष्ट तुम्हालाच सांगण्यात काय हशील? ती वाचणाऱ्यांना सांगते. त्यात तुम्हाला ‘तो’ म्हणेन, राग मानू नका. आणि मी जिथे येईन तिथे ‘बाई’ म्हणेन, तुम्ही म्हणायचात तसे.

*

ठाण्यात त्याला टिपकागद म्हणत. शाईची दौत जाऊन जमाना लोटला तरी त्याच्या टेबलावर टिपकागदाचा एक तुकडा असायचाच, आणि बॉलपेनने लिहिलेली ओळसुद्धा तो सवयीने टिपून घ्यायचा. नवीन शिपाई हसायचे. तो म्हणायचा, “हसा. ओळ वाळायला वेळ मिळतो, आणि मला विचार करायला.”

त्याचे काम दर्शनी खोलीतल्या काउंटरवर. मागे भिंतीला किल्ल्यांची फळी, समोर येणाऱ्यांसाठी एक बाक, बाकाचा एक पाय आखूड. काउंटरवर ठाण्याची डायरी. कोण आले, कोण गेले, फोन कुणाचा आला, गाडी कितीला सुटली, कोठडीत कुणाला घातले, कुणाला सोडले, सगळे वेळ घालून त्या डायरीत. एकतीस वर्षे त्याने तीच डायरी लिहिली. अक्षर असे की साहेब लोक बदलून जाताना त्याच्याकडून बायकोला पत्र लिहून घ्यायचे, अशी थट्टा होती.

आता ह्या डायरीची एक खोड सांगते, कारण सगळी गोष्ट तिच्यावर आहे. दर तासाच्या शेवटी दोन ओळी कोऱ्या सोडायच्या. त्याला ठाण्यात ‘खिडकी’ म्हणत. ही रीत कुणा लबाडाने काढलेली नव्हती. गस्तीवरचा शिपाई तीनला एखादी गोष्ट बघतो आणि पाचला परत येऊन सांगतो. ती नोंद तीनच्या जागी बसावी म्हणून दोन ओळी राखायच्या, इतकेच. पाळी संपताना ज्या खिडक्या रिकाम्या राहिल्या असतील त्यांवर आडवी रेघ मारायची आणि रेघेच्या दोन टोकांना दोघांनी सह्या करायच्या.

दोघांनी, कारण तेव्हा काउंटरवर दोन खुर्च्या होत्या. दुसऱ्या खुर्चीवर एक हवालदारीणबाई बसायच्या, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठ्या आणि तोंडाने दसपट. संध्याकाळ झाली की त्या म्हणायच्या, “अहो टिपकागद, खिडक्या लावून घ्या, मला वारा बाधतो.” मग दोघे मिळून रेघा मारायचे. एखाद्या साहेबाने “ती एक राहू दे, लागेल” असे म्हटले, तर हवालदारीणबाई मान वर न करता म्हणायच्या, “राहू देते साहेब, पण का राहू दिली ते खाली लिहिते.” साहेब पुढे बोलत नसत.

ह्या गावात ठाण्याचा काही खर्च पालिका उचलते; मग पालिकेने ठाण्याला द्यायच्या पैशात कपात केली. गावात चोऱ्या कमी झाल्या होत्या आणि पोलिसांबद्दल तक्रारी वाढल्या होत्या. लोक म्हणाले, पांढरा हत्ती कशाला पोसायचा? कपात योग्य की अयोग्य ते पुढे बघू. पण काय कापायचे ते पालिकेने साहेबांवर सोडले. साहेबांनी आपली गाडी ठेवली, गाडीचा नवा ड्रायव्हर ठेवला, आणि काउंटरवरची दुसरी खुर्ची काढली. हवालदारीणबाई दुसऱ्या ठाण्यात गेल्या. जाताना आपली उशी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, “आता वारा तुम्हाला.”

त्यानंतर खिडक्यांवर रेघ मारायला तो एकटा. पहिले काही महिने मारली. दोन टोकांची सही एकट्याने करायची म्हणजे स्वतःच्याच लग्नात स्वतःच साक्षीदार. कंटाळा आला. रेघा राहू लागल्या.

तो जो नवा ड्रायव्हर राखला गेला, तो टिपकागदाचा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली म्हणून बहिणीच्याच घरी वाढलेला, तिच्या शिवणयंत्राच्या तालावर झोपलेला. नोकरीसाठी शब्द टिपकागदानेच टाकला होता. त्यामुळे कपातीबद्दल त्याने फार कुरकुर केली नाही. खुर्ची गेली, पण घरचा माणूस राहिला. माणूस आपल्या सोयीचे दुःख निवडतो.

*

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी बाजाररस्त्यावर एक पेंटर शिडीवर उभा राहून एका दुकानाची पाटी रंगवत होता. पंचेचाळिशीचा माणूस, गावातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या. शिडीचे पाय रस्त्यात आलेले. साहेबांची गाडी अडली. मेहुण्याने हॉर्न वाजवला. पेंटर वरून म्हणाला, “आलो, एवढं अक्षर पुरं होऊ द्या. अर्धं अक्षर टाकून मी खाली येत नसतो.” बघणारे हसले. लोक हसले नसते तर कदाचित काहीच घडले नसते. साहेब गाडीतून उतरले.

पेंटरला आणले ते टिपकागदाने पाहिले. हाताला निळा रंग होता, शर्टाची बाही वर दुमडलेली, तोंडाने वाद चालू. कोठडी काउंटरच्या मागे, चौदा पावलांवर, मध्ये वळण. तिथून त्याला दिसले काही नाही. ऐकू आले. पेंटर म्हणत होता, “गुन्हा काय ते सांगा, मग आत जातो,” आणि चौकटीला धरून उभा असावा. साहेब म्हणाले, “दार लाव.” लोखंडी दार लागले आणि पेंटर ओरडला. मग क्षणभर काही नाही. मग साहेब म्हणाले, “नीट लाव.” दार पुन्हा लागले.

एकतीस वर्षे त्या दाराचा आवाज ऐकलेल्या माणसाला मोकळे दार लागल्याचा आवाज कसा आणि मध्ये काही असताना लागल्याचा कसा, हे सांगावे लागत नाही.

साहेब काउंटरशी आले. त्याने पेन उचलले होते. साहेब म्हणाले, “थांब जरा. खिडकी मोठी ठेव.”

त्याने खिडकी मोठी ठेवली. अर्ध्या पानाची. आता गंमत बघा, एकदा मोठी खिडकी सोडली की मधले काहीच लिहिता येत नाही. लिहिले तर खिडकी किती मोठी ते ठरून जाते. त्यामुळे त्या तीन तासांत आलेले फोन त्याने सुट्या चिठ्ठ्यांवर टिपले, एकूण अकरा. साडेपाचला पेंटरच्या बहिणीचा फोन आला. भाऊ घरी आला नाही, शिडी रस्त्यातच पडली आहे म्हणतात, तुमच्याकडे आहे का?

तो डायरीकडे बघत म्हणाला, “आमच्याकडे तशी नोंद नाही.”

खोटे नव्हते. नोंद नव्हतीच.

सातला साहेबांनी मजकूर सांगितला आणि त्याने आपल्या देखण्या अक्षरात लिहिला: सायंकाळी सात वाजता अमुक इसमास आणले, येतेवेळीच उजवा हात सुजलेला, डॉक्टरांस बोलावले. ओळ टिपून घेतली. टिपकागदावर काही उमटले नाही, बॉलपेन होते.

*

पेंटरची तीन बोटे सरळ झाली नाहीत ती नाहीतच. गाव खवळले. पालिकेने सात जणांची समिती नेमली. बाई, म्हणजे हे लिहिणारी, त्यात होत्या, कॉलेजात नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, घरी बसून पुतण्यांना सल्ले देऊन थकलेल्या. समितीपुढे दोन ठराव होते. एक म्हणत होता, ठाण्याचे पैसे एक तृतीयांश कापा आणि ते दवाखान्याला आणि घरोघर जाणाऱ्या मदतनिसांना द्या. दुसरा म्हणत होता, पैसे राहू देत, पण ठाण्यावर बाहेरच्या माणसांची देखरेख बसवा, डायरी दर महिन्याला तपासा, आणि चूक करणाऱ्याला नाव घेऊन जाब विचारा. दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना महामूर्ख समजत होते.

बाई पहिल्या ठरावाच्या. उगाच नव्हे. त्यांनी सहा महिन्यांच्या डायऱ्या मागवून वाचल्या होत्या आणि दहांतल्या सात नोंदी पोलिसांच्या नव्हत्याच. म्हातारा घर विसरला. नवरा दारू पिऊन दारात पडला. शेजारणींचे भांडण. एक बाई छपरावर जाऊन बसली आणि खाली येईना. “ह्या कामाला गणवेश आणि दंडुका कशाला पाठवायचा?” बाई बैठकीत म्हणाल्या. “ताप आला तर आपण सुताराला बोलावतो का?”

साक्षी वाचनालयात झाल्या, पेपरांच्या लांब टेबलाशी. पहिल्याच मंगळवारी टिपकागद समोर बसला. मागच्या बाकावर साहेब, मांडीवर टोपी.

“हवालदार,” बाई म्हणाल्या, “तुमच्या डायरीत दर दहा मिनिटांना नोंद आहे. हरवलेली छत्री आहे. कुत्रं भुंकतं म्हणून आलेला फोन आहे, तोही दोनदा. आणि त्या दिवशी चार ते सात? गाव झोपलं होतं?”

“काम कमी होतं, बाई.”

“कुत्रंसुद्धा गप्प?”

त्याने टेबलावरच्या पेपराची घडी सरळ केली.

“तुम्हाला खोटं बोलायचा सराव दिसत नाही,” बाई म्हणाल्या. “मग कशाला बोलता? पुढच्या मंगळवारी या.”

बाहेर जिन्यात साहेबांनी त्याला गाठले. आवाज अगदी गोड. “घाबरू नकोस टिपकागद. मी समितीच्या सभापतींना सांगून टाकलंय, कपात करा, आमची ना नाही. एक तृतीयांश तर एक तृतीयांश. ठराव झाला की समिती बरखास्त, प्रश्न मिटला. तू पुढच्या आठवड्यात आजारी पड.”

तो तिथेच कठड्याला धरून उभा राहिला. ज्या ठाण्याला बल्ब बदलायचा तरी पाच अर्ज लागतात त्याचा साहेब एक तृतीयांश पैसे हसत सोडून देतो? मग त्याला कळले. कपात सगळ्यांवर पडते, म्हणजे कुणावरच पडत नाही. काही खुर्च्या जातील, कुणी कुणाचे नाव घेणार नाही, आणि अर्ध्या पानाची ती खिडकी कायमची बंद होईल.

*

घरी बायको कुणाची तरी पँट आखूड करत होती. तोंडात टाचण्या धरूनच ती म्हणाली, “आज बोललात?”

“नाही.”

“पुढच्या मंगळवारी?”

त्याने तिला सगळे सांगितले. दार, आवाज, दुसरा आवाज. दार लावणारा हात कुणाचा हे सांगायची गरज नव्हती. तिने तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीला टोचल्या, आणि हे करायला तिला बराच वेळ लागला.

“माझा भाऊ आहे तो.”

“ठाऊक आहे.”

“तुम्हीच चिकटवलात तिथे.”

“तेही ठाऊक आहे.”

“सगळं ठाऊक आहे तर मला कशाला विचारता? मी नाही म्हणावं म्हणून? म्हणजे पुढे जन्मभर म्हणायला मोकळे, मी तर निघालो होतो, पण बायको आडवी आली.” तिने पँट उलटी केली. “मी आडवी येणार नाही आणि जा म्हणूनही सांगणार नाही. एकच सांगते. त्याला ते वाचनालयात पहिल्यांदा कळता कामा नये. आधी त्याच्या तोंडावर सांगून या.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ठाण्यामागच्या गॅरेजात गेला. मेहुणा गाडीखाली आडवा होता, नुसते बूट बाहेर. टिपकागद बुटांशी बोलला. ते त्याला सोपे गेले.

बूट हलले नाहीत. मग आतून आवाज आला, “साहेबांनी सांगितलं म्हणून लावलं, दाजी.”

“पहिल्यांदा.”

“दुसऱ्यांदाही त्यांनीच सांगितलं.”

“दुसऱ्यांदा तुला माहीत होतं.”

मेहुणा सरपटत बाहेर आला. तोंडाला तेल लागलेले, तिशीचा माणूस पण त्या क्षणी दहा वर्षांचा दिसला. “दाजी, एक ऐका. कपात झाली की मी जाणारच आहे. सगळ्यात नवा मी. मग जाऊ द्या ना मला तसाच. कपातीत गेला म्हटलं की लोक चुकचुकतात, दुसरीकडे काम देतात. तुम्ही बोललात तर कोण देईल? जायचं तर आहेच. फक्त कसं जायचं तेवढं राहिलंय. तेवढंही नाही देणार?”

खरे सांगायचे तर ह्या प्रश्नाला चांगले उत्तर नाही. बाईंनी पुढे अनेकदा विचार केला, त्यांनाही सापडले नाही. टिपकागदाने त्याच्या खांद्याला हात लावायला हात पुढे केला. मेहुण्याने फडके उचलले आणि हात पुसायला घेतले.

“तो पेंटर कुठे जाणार, ते सांग,” टिपकागद म्हणाला. “त्याला कुणी चुकचुकून काम देईल का?”

“म्हणजे ठरवूनच आलात.”

“नाही रे. इथे येईपर्यंत नव्हतं ठरलं.”

*

दुसऱ्या मंगळवारी तो आजारी पडला नाही. खिशातून रबर लावलेल्या अकरा चिठ्ठ्या काढल्या आणि पत्ते मांडावेत तशा टेबलावर मांडल्या. खिडकी म्हणजे काय ते सांगितले. दोन आवाज सांगितले. दुसऱ्या आवाजाच्या वेळी दार कुणी लावले आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे सांगताना त्याने दोघांची नावे हुद्द्यासकट घेतली, नोंदीत घेतात तशी. सातची नोंद खोटी आहे, अक्षर माझे आहे, असे म्हणाला. मग एक चिठ्ठी उचलून वाचली: “साडेपाच. बहिणीचा फोन. भाऊ तिथे आहे का. उत्तर, तशी नोंद नाही.”

पेंटरची बहीण भिंतीशी बसली होती. ती उभी राहिली. “मी तुमच्यावर विश्वास ठेवला,” ती म्हणाली. “तुमचा आवाज चांगला वाटला मला. मग मी सगळे दवाखाने शोधत फिरले.”

त्याने मान हलवली. चिठ्ठी परत रांगेत ठेवली.

बाईंनी विचारले, “पेंटरला नक्की किती वाजता आणलं?”

“चारच्या सुमाराला.”

“सुमाराला? तुम्ही?”

“घड्याळ बघितलं नाही, बाई. एकतीस वर्षांत त्या एका वेळी.”

मागून साहेब ताडकन उठले. ह्या माणसाला बळीचा बकरा हवा आहे, घरगुती भांडण आहे, मेहुण्याशी वाकडे आहे, असे बरेच काही म्हणाले. सभापतींनी त्यांना बसवले. मग एका सदस्याने, कपातवाल्यांपैकीच एकाने, टिपकागदाला विचारले, “म्हणजे तुमच्या मते पैसे कापावेत की नाही?”

“ते तुम्ही ठरवा,” तो म्हणाला. “बाई म्हणतात ते खरं आहे. छपरावरच्या बाईला खाली आणायला आम्ही चौघं गेलो आणि ती आणखी वर चढली. शेवटी तिच्या शेजारणीने हाक मारून उतरवली. ती कामं काढून घ्या आमच्याकडून, त्या कामांचे पैसेही घ्या, मी हात जोडून देतो. पण नुसते कापा म्हणालात, तर कात्री साहेबांच्या हातात जाते. मागच्या खेपेला गेली होती. माझी बायको शिवणकाम करते; ती म्हणते, कात्री ज्याच्या हातात त्याच्या स्वतःच्या सदऱ्याची बाही कधी आखूड होत नाही.” दोघे-तिघे हसले. “माझ्या शेजारची खुर्ची असती तर ही खिडकी उघडी राहिली नसती. आणि देखरेख बसवा म्हणता, ती जरूर बसवा. पण डायरी वाचायला येणाऱ्याला आधी वाचता आली पाहिजे. बाईंना साडेसहा महिन्यांच्या डायऱ्या वाचाव्या लागल्या.”

“सहा,” बाई म्हणाल्या.

“सहा,” तो म्हणाला.

*

निकाल काय लागला? तसे निकाल लागतात तसा. बाईंनी आपला ठराव मागे घेऊन दुरुस्त केला आणि त्यांच्याच बाजूच्या लोकांनी त्यांना फितूर ठरवले. शेवटी पैसे थोडे कापले गेले आणि कुठून कापायचे ते कागदावर लिहून दिले गेले. दवाखान्याला दोन मदतनीस आणि एक सायकल मिळाली. काउंटरवर दुसरी खुर्ची परत आली. देखरेखीचे काम समितीकडेच राहिले. डायरीच्या पानांवर छापील ओळ-क्रमांक आले आणि खिडकी बंद झाली. साहेबांची बदली झाली, आहे त्याहून मोठ्या गावी. ह्यावर बाईंनी वर्तमानपत्राला चार पत्रे लिहिली, छापून एक आले. मेहुण्याला आठ महिन्यांची शिक्षा झाली. टिपकागदाला खोट्या नोंदीबद्दल एक पायरी खाली उतरवून घरी बसवले. त्याने त्याविरुद्ध अर्ज केला नाही. “बरोबर आहे,” म्हणाला, “लिहिलं मीच होतं.”

त्यानंतर तो दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी वाचनालयात येऊ लागला, समितीला डायरी वाचायला शिकवायला. फुकट. बाईंनी पहिल्याच खेपेला खोडी काढली, “आता कसं वाटतं मास्तर व्हायला?” तो म्हणाला, “तुम्ही विद्यार्थ्यासारख्या बसा, फळ्यापाशी उभ्या राहू नका, म्हणजे झालं.” काय लिहिले आहे ते आधी वाचू नका, किती वेळाने लिहिले आहे ते वाचा, हे त्याने शिकवले. वर्ष उलटायच्या आत ठाण्यातल्या नव्या मंडळींनी रिकाम्या वेळेला ‘गस्त चालू’ असे लिहायचा शोध लावला होता. एका पानावर एकोणीस वेळा. त्याने बोट ठेवले आणि जवळजवळ कौतुकाने म्हणाला, “बघा, नवीन खिडकी. आता हिला काच बसवा.”

घरी बायको त्याच्याशी बोलत होती, पण कामापुरते. रविवारी एक ताट जास्त मांडायची सवय तिने मोडली नव्हती. मांडायची आणि मग उचलायची. तुरुंगातून सुटल्यावर मेहुणा दुसऱ्या गावी ट्रकवर लागला. बहिणीला फोन करायचा. दाजींनी उचलला तर म्हणायचा, “ताईला द्या.” टिपकागदाने एकदा बाईंना सांगितले, “चांगलं आहे. भाजी करपते, म्हणजे बोलतो खूप वेळ.”

बाईंना विचाराल तर त्या अजूनही म्हणतात की छपरावरच्या बाईसाठी पोलीस पाठवणे हा मूर्खपणा आहे. पण नुसते पैसे कापून कुणाला शहाणपण येते, हे त्या आता म्हणत नाहीत. आणि देखरेखीवरही त्यांचा डोळे मिटून विश्वास नाही, कारण देखरेख त्या स्वतःच करतात आणि स्वतःला त्या चांगल्या ओळखतात.

*

ते कसे, ते तुम्हाला सांगायचे राहिले आहे, हवालदार, म्हणून पुन्हा तुमच्याकडे वळते.

गेल्या वर्षी एका मंगळवारी, बाकीचे निघून गेल्यावर, तुम्ही टोपी हातात फिरवत उभे राहिलात. मी म्हटले, “काय ते बोला, मला बस आहे.” तुम्ही म्हणालात, “बाई, त्या पेंटरकडे जाऊन यायचं आहे. एकटा गेलो तर तो दार उघडणार नाही. तुम्ही बरोबर चला.”

“माफी मागायला?”

“माफी-बिफी मला जमत नाही. वेळ विचारून घेऊ. साक्षीत ‘सुमाराला’ लिहिलं गेलंय. त्याला नक्की माहीत असेल. शिडीवरून समोरचं घड्याळ दिसतं.”

मी हसले. मग म्हटले, जाऊ, पुढच्या मंगळवारी जाऊ. पुढच्या मंगळवारी अहवाल द्यायचा होता. त्याच्या पुढच्या वेळी माझा गुडघा. मग तुमचा खोकला. मग पाहुणे आले होते माझ्याकडे, तेही असे की ज्यांना सहज बाहेर काढता आले असते. तुम्ही दर वेळी म्हणालात, “हरकत नाही बाई, पेंटर कुठे जातो.” आणि मी, जिने जन्मभर मुलांना उशिराबद्दल वर्गाबाहेर उभे केले, दर वेळी सुटल्यासारखा श्वास घेतला, कारण त्या माणसाची बोटे मलाही बघायची नव्हती.

तो अजून त्याच घरी आहे. बाजाररस्त्याच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर. डाव्या हाताने लिहायला शिकला आहे म्हणतात. मी एकटी गेले तर मला तो वेळ सांगेलही. पण विचारायचे तुम्हाला होते, आणि जायचे आपण दोघांनी होते. आपण गेलो नाही.